पित्ताशयाचं ऑपरेशन: ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दाराआड नेमकं काय होतं?

अळूवडी | ९ जून, रात्री १०:१५

मंडळी, गेल्या महिन्यात माझं पित्ताशय काढलं. दुर्बिणीतून, चार भोकं पाडून. आता मी ठणठणीत आहे, त्यामुळे 'काळजी घे गं' वगैरे प्रतिसाद नकोत.

धागा काढायचं कारण माझी बेबीमावशी. तिच्याही पित्ताशयात खडे निघालेत. दोनदा अशी कळ आली की रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. येत्या १८ तारखेला ऑपरेशन ठरलंय. वय ६७, बीपीची गोळी चालू, मुक्काम कराड. डॉक्टरांनी तिला कागदावर चित्र काढून सगळं समजावलंय. पिशवी कुठे असते, नळी कुठली, काय कापणार, सगळं. पण मावशीचे प्रश्न निराळेच आहेत. साडी कधी सोडायची? मंगळसूत्र काढावंच लागतं का? कवळी कोणाकडे द्यायची? आणि सगळ्यात मोठा, 'अगं, मधेच जाग आली तर?' रोज संध्याकाळी फोन येतो आणि रोज हेच.

माझ्या वेळी मीही नेटवर शोधत बसले होते. सापडले ते एकतर रक्ताचे व्हिडिओ नाहीतर हॉस्पिटलांच्या जाहिराती, हसरे डॉक्टर आणि त्याहून हसरे पेशंट. म्हणून मला जे दिसलं ते आठवेल तसं लिहिते. जाणकारांनी भर घालावी, मी मावशीला वाचून दाखवणार आहे.

आदल्या संध्याकाळी ॲडमिट झाले. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी सर्जनपेक्षा जास्त प्रश्न विचारले. दोन जिने चढल्यावर दम लागतो का, आधी कधी भूल घेतलीय का, घरात कोणाला भुलेचा त्रास झालाय का, कुठला दात हलतो का, काढे-चूर्णं काय चालू आहेत. मग तोंड उघडायला लावलं, जीभ बाहेर, मान मागे. मला वाटलं घसा बघताहेत. नंतर कळलं की नळी सहज जाईल का ते बघत होत्या.

सकाळी गाऊन मिळाला, त्याच्या नाड्या पाठीमागे. त्या आपल्याला बांधता येत नाहीत, वॉर्डातल्या मावशी बांधून देतात, लाजायचं कारण नाही. नेलपॉलिश पुसलं. कानातल्या कुड्या लग्नापासून निघाल्या नव्हत्या, त्या साबण लावून काढल्या, दहा मिनिटं गेली. हा उद्योग घरीच करून या. मंगळसूत्र नवऱ्याकडे दिलं. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि दुपारपर्यंत दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होता, असं नणंदेने नंतर सांगितलं.

आत गेल्यावर पहिलं जाणवतं ते गारठा. दुसरं, टेबल किती अरुंद असतं! आपल्या दिवाणाच्या निम्मंसुद्धा नाही, कूस बदलायची सोयच नाही. दोन्ही हात बाजूच्या फळ्यांवर पसरून ठेवतात. छातीवर गार गार चकत्या चिकटवल्या, बोटाला चिमटा, दंडाला बीपीचा पट्टा. तो आपोआप आवळतो, दचकू नका. नाव काय, कशाचं ऑपरेशन, हे मला सकाळपासून चार जणांनी विचारलं. चौथ्याला मी जरा वैतागूनच उत्तर दिलं. कोपऱ्यात रेडिओ चालू होता आणि एक सिस्टर दुसरीला डब्यात काय आणलंय विचारत होती. खरं सांगू, मला त्या डब्याच्या गप्पांनी धीर आला. जगबुडी होणार असती तर कोणी भेंडीबद्दल बोललं नसतं.

तोंडावर मास्क आला, त्याला प्लॅस्टिकचा वास. सलाईनमधून दुधासारखं पांढरं औषध सोडलं, हातात कोपरापर्यंत चरचरलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "राहता कुठे?" मी म्हणाले, "सिंहगड रोडला, तो पुलाजवळचा..."

वाक्य तिथेच राहिलं. पुढचं आठवतं ते कोणीतरी "डोळे उघडा, डोकं उचला, जीभ दाखवा" म्हणतंय आणि मी थंडीने कुडकुडतेय. मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय. घड्याळात दीड तास उलटून गेला होता. घसा खवखवत होता. पोट बऱ्यापैकी गप्प होतं, पण उजवा खांदा! कोणी मुरगळल्यासारखा. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, मला वाटलं टेबलावरून पाडलं की काय.

बाहेर वेगळंच नाट्य. सर्जन किडनी ट्रे (किडनीच्या आकाराचा ट्रे) घेऊन आले आणि नवऱ्याला दाखवलं: हिरवट, चिरलेली पिशवी आणि तिच्यातून निघालेले सात खडे, तुरीच्या दाण्याएवढे. नवरा "हो, हो" म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्यालाच पाणी पाजावं लागलं.

निवांत_नाना | ९ जून, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवतो. माझं हर्नियाचं आहे, तेही जागेपणी. उद्या लिहितो.

शेवग्याची_शेंग | ९ जून, रात्री ११:२०

वाखु (वाचनखूण) साठवली. भेंडीचं वाक्य लय भारी. तो खांदा का दुखतो म्हणे? माझ्या जाऊबाईंचाही दुखला होता, आम्ही बाम चोळत बसलो.

क्लोरोफॉर्म | १० जून, सकाळी ६:४०

नावावरून ओळखलं असेलच, मी भूलतज्ज्ञ, बावीस वर्षं हेच काम. पहिली केस साडेआठची आहे, तेवढ्यात लिहितो.

खांदा आधी. दुर्बिणीने बघायला पोटात जागा हवी, म्हणून कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं फुगवतात. दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा. हाच वायू का? तो पेट घेत नाही, आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. पण थोडा मागे राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते, खांद्याची संवेदनाही मानेच्या त्याच भागातून जाते. मेंदूची गल्लत होते आणि तो खांद्याची तक्रार नोंदवतो. दोन-तीन दिवसांत जातं. बाम चोळून वायू हलत नाही, पण चोळणाऱ्याला बरं वाटतं. उठून चालायला लागा, तो खरा उपाय.

आता मावशींचा मोठा प्रश्न. पेशंटला एकदा झोपवलं की भूलतज्ज्ञ चहाला जातो असा एक समज आहे. मी उशाशी असतो, पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत. ते पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल, त्याचा असर काही मिनिटंच. पुढची झोप श्वासातून दिलेल्या औषधावर किंवा शिरेतून चालू ठेवलेल्या औषधावर चालते, आणि त्याचं प्रमाण मी समोरच्या पडद्यावर बघत असतो. स्नायू सैल करायचं औषध दिल्यामुळे श्वास यंत्राने द्यावा लागतो, म्हणून घशात नळी. घसा खवखवतो तो त्या नळीमुळे. पेशंट श्वासातून बाहेर टाकतो त्या वायूचा आलेख सतत दिसतो. नळी जागेवर आहे की नाही हे त्यावरून लगेच कळतं. मधेच जाग येणं घडतच नाही असं म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये देशभरच्या नोंदी गोळा करून २०१४ मध्ये मोठा अहवाल आला, त्यात साधारण १९ हजार भुलांमागे एका पेशंटने अशी तक्रार केल्याचं निघालं. त्यातही बरेच प्रसंग झोप लागताना किंवा उतरताना होते, ऐन कापाकापीत नव्हे.

'डोकं उचला' का म्हणतात? स्नायूंत ताकद परत आली का ते बघायला. नळी बहुतेकदा तुम्हाला कळायच्या आत निघालेली असते.

निघतो. उपाशी राहण्याबद्दल दुपारी.

निवांत_नाना | १० जून, सकाळी ११:०५

तर माझा किस्सा. वय ६१, उजव्या बाजूचा हर्निया, जाळी बसवायची. भूल कमरेतून. बसवून पाठ मांजरासारखी वाकवायला सांगतात, एक सिस्टर समोरून खांदे धरून उभी राहते. सुई मुंगी चावल्यासारखी, त्यापेक्षा ते गार स्पिरिट जास्त लागलं. मग तळपाय गरम झाले, जणू कोणी ऊन पाण्याच्या घमेल्यात बुडवले. पाच मिनिटांत कमरेखालचा नाना गायब. पाय हलव म्हणाले, मी जोर लावला, पाय म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी ओंडके.

तोंडासमोर हिरवा पडदा होता, पण वरच्या मोठ्या दिव्याच्या चकचकीत कडेत मला अंधूक लाल काहीतरी दिसलं. मी ताबडतोब डोळे मिटले. दुखत काही नाही, पण ओढाताण कळते, कोणी आपल्या खिशात हात घालून चिल्लर शोधतंय तशी. आणि सगळं ऐकू येतं! सर्जनसाहेब सहाय्यकाला सांगत होते की गच्चीवर गळती थांबवायला कुठला केमिकल मारला. मीही पडद्याआडून म्हणालो, आमच्या सोसायटीत तो चालला नाही. दोन सेकंद शांतता, मग सगळे हसले. भूलवाल्या मॅडमनी विचारलं, झोपेचं थोडं देऊ का? मी म्हटलं नको, गच्चीचा विषय संपू दे.

खरा त्रास संध्याकाळी. पाय आले, लघवी येईना. पोट तुंबलंय, नळ सोडून ठेवला, शिट्टी मारली, पोरगा बाहेर उभा. रात्री आठला एकदाची झाली आणि मी सिस्टरला बातमी दिली तेव्हा तिनेही टाळी वाजवली. नाही झाली तर नळी घालतात, त्यात मोठं काही नाही, पण ऐकून पोटात गोळा येतो हे खरं.

क्लोरोफॉर्म | १० जून, दुपारी ३:१०

नाना, हे कमरेतल्या भुलेनंतर होतं, विशेषतः पुरुषांना आणि त्यातून साठीनंतर. पण मावशींना ती भूल बहुधा नसेल, दुर्बिणीच्या पित्ताशयाला आपल्याकडे पूर्ण भूलच देतात.

उपाशी राहणं. झोपेत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. अमेरिकेत मेंडेल्सन नावाच्या डॉक्टरने १९४६ साली बाळंतिणींमध्ये हे नीट नोंदवलं, तेव्हापासून हा नियम कडक झाला. हलकं जेवण किंवा दूध ६ तास आधी बंद, तेलकट-मटण वगैरे ८ तास, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही! दर आठवड्याला एकजण तरी 'फक्त कपभर चहा आणि दोन खारी' घेऊन येतो आणि त्याची केस पुढे ढकलावी लागते. लपवू मात्र नका. ढकललेली केस परवडली.

गोळ्या: बीपीची गोळी बहुतेकदा सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतो, पण काही जातींच्या गोळ्या आदल्या दिवशी बंद करतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या, मधुमेहाच्या गोळ्या, वजनासाठी घेतलेली आठवड्याची इंजेक्शनं, हे सगळं भूलतज्ज्ञाला पाकिटांसकट दाखवा. 'ती गुलाबी, छोटी' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका.

जुनाजाणता | १० जून, रात्री ९:३०

थोडं अवांतर. आज सगळे ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवतात, पण सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रोग्याला आवडीचं जेवू घाला आणि पिणाऱ्याला कडक मद्य पाजा असं सांगितलंय. भूल नव्हती, वेदना सोसायला अंगात ताकद हवी. मात्र मुतखडा, मूळव्याध, भगंदर, तोंडाचे रोग अशा काही कर्मांना उपाशीपोटीच करावं, असाही अपवाद तिथेच आहे.

आणि दुर्बिणीचं म्हणाल तर माझ्या आईचं हेच ऑपरेशन १९८४ साली झालं. उजव्या बरगडीखाली वीतभर छेद, दहा दिवस दवाखाना, सहा आठवडे कळशी उचलायची नाही. खडे एका औषधाच्या बाटलीत भरून दिले होते, ती कैक वर्षं कपाटात लोणच्याच्या बरण्यांमागे होती. त्यानंतर वर्षभरातच, १९८५ मध्ये, जर्मनीत एरिख म्युहे यांनी पहिल्यांदा पित्ताशय दुर्बिणीने काढलं आणि तिथल्या सर्जन मंडळींनी त्यांची खिल्ली उडवली. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी ते सुरू केलं. आज तालुक्याच्या गावी होतं.

हिरवी_मिरची | ११ जून, सकाळी ८:२५

सगळं ठीक, पण ऑपरेशन कशाला? आमच्या शेजाऱ्यांनी सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि लिंबू असा प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी पन्नास-साठ हिरवे खडे पडले. मी स्वतः पाहिलेत. डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांचं दुकान बंद पडेल.

क्लोरोफॉर्म | ११ जून, दुपारी १:४५

ते खडे पुन्हा पडले तर उन्हात ठेवून बघा, वितळतील. पित्ताचे खडे उन्हात वितळत नाहीत. अशा एका पेशंटचे खडे तपासले तेव्हा ते त्याच तेल-लिंबापासून आतड्यात तयार झालेल्या साबणाच्या गोळ्या निघाल्या, २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. शेजाऱ्यांची सोनोग्राफी परत केली का?

एक मात्र तुमच्या बाजूचं सांगतो. खडे आहेत पण काहीच त्रास नाही, अशांना बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. कळ येऊ लागली की गोष्ट वेगळी. खडा नळीत अडकला तर कावीळ, स्वादुपिंडाला सूज, आणि मग तेच ऑपरेशन जास्त अवघड परिस्थितीत.

हिरवी_मिरची | ११ जून, दुपारी २:३०

सोनोग्राफी केलेली नाही. विचारते.

ओटीसिस्टर | ११ जून, रात्री ११:५०

नाइट आहे, जरा शांत आहे म्हणून लिहिते. अळूवडीताई, चौथ्यांदा नाव विचारलं म्हणून वैतागलात ना? ते विसरभोळेपणाने विचारत नाहीत हो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ कलमांची यादी काढली, ती तीनदा वाचतात. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर काढण्याआधी. मधल्या वेळेला सगळे हातातलं थांबवतात आणि कोणीतरी मोठ्याने म्हणतं: नाव अमुक, ऑपरेशन तमुक, बाजू ही, ॲलर्जी ही, अँटिबायोटिक दिलं का. एका नावाचे दोन पेशंट एकाच दिवशी येतात, आमच्याकडे एका सकाळी दोन सुनंदा पाटील होत्या. एकीचा गुडघा, एकीचं गर्भाशय. आता सांगा, विचारू की नको?

शेवटी मोजणी. मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे), सुया, अवजारं, आधी जेवढी फळ्यावर लिहिली तेवढीच भरायला हवीत. एकदा एक छोटी गॉज (जाळीदार कापडाची पट्टी) भरेना. सर्जन म्हणाले आत काही नाहीये, तरी आम्ही शिवू दिलं नाही. सापडली ती सहाय्यकाच्या बुटाला चिकटलेली. बाहेर नातेवाईक विचारत होते अर्धा तास उशीर का. त्यांना काय सांगणार, बूट?

दागिन्यांचं: रक्त थांबवायला विजेवर चालणारी कॉटरी वापरतात, तिची प्लेट मांडीला चिकटवतात. अंगावर धातू असला तर तिथे भाजायची भीती. शिवाय अंगाला सूज आली तर अंगठी, बांगडी कापावी लागते. आणि नेलपॉलिशमधून बोटाच्या चिमट्याचा प्रकाश नीट जात नाही. मंगळसूत्रासाठी अडून बसणाऱ्या आजी खूप येतात. मी त्यांना सांगते, डॉक्टरही अंगठी काढूनच हात धुतात.

कवळीचं मावशींना नक्की सांगा. झाकणाची डबी घरून आणा, नाव लिहा, नातेवाईकाच्या हातात द्या. रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवली की ती चादरींबरोबर धुवायला जाते.

तळटीप | १२ जून, सकाळी १०:१०

मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. माझ्या वडिलांच्या वेळी एका हॉस्पिटलात सकाळी सात वाजता कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. वरचा मजकूर इंग्रजीत, ऑपरेशनच्या नावाची जागा रिकामी. विचारलं तर उत्तर मिळालं, "फॉर्मॅलिटी आहे काका, लवकर करा." करून दिली. काही बिघडलं नाही, पण अजून डोक्यातून जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा समीरा कोहली खटल्यातला निकाल शोधून वाचा. तपासणीपुरती संमती दिलेली बाई भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजांडं काढली होती. कोर्टाने सांगितलं की पेशंट सज्ञान आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, तर संमती तिचीच लागेल, आणि एका गोष्टीची संमती दुसऱ्या गोष्टीला चालणार नाही.

पणजीकर | १२ जून, दुपारी १२:३५

तळटीप, +१. फॉर्मवर 'गरज पडल्यास पोट उघडून' अशी ओळ असते, ती बघून आमच्या बाबांचं धाबं दणाणलं होतं. त्याचा अर्थ कोणी सांगेल का? बाबांचं बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात झालं, तिथल्या निवासी डॉक्टर मुलीने कोंकणीत बसून समजावलं, पण मला तेव्हा नीट कळलं नाही.

क्लोरोफॉर्म | १२ जून, संध्याकाळी ७:२०

फार सूज असली, सगळं एकमेकांना चिकटलं असलं, तर सर्जनला पित्ताशयाची छोटी नळी आणि यकृताकडून येणारी मुख्य नळी वेगळ्या दिसत नाहीत. या ऑपरेशनची सगळी मेख इथेच. छोटी नळी आणि तिच्या शेजारची रक्तवाहिनी टायटॅनियमच्या क्लिपा लावून कापायची असते. चुकून मुख्य नळीला इजा झाली तर पुढे मोठं दुखणं. हजारात तीन-चार जणांच्या बाबतीत होतं. म्हणून दिसत नसेल तर सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतो. पेशंटला वाटतं ऑपरेशन फसलं. माझ्या लेखी असा सर्जन भरवशाचा. ही गोष्ट सर्जनने आधी सांगायची असते, आणि सांगितली नसेल तर विचारायची असते.

क्लिपा आयुष्यभर आत राहतात. त्या असताना एमआरआय करता येतो, फक्त आधी सांगून ठेवा.

लीड्सवाली | १२ जून, रात्री ११:४०

इकडे इंग्लंडमध्ये माझं सकाळी झालं आणि संध्याकाळी घरी. टोस्ट खाल्ला, लघवी झाली, चालता आलं, झालं, जा. किडनी ट्रे वगैरे काही नाही, नवऱ्याला तर आत बसूही दिलं नाही, तो गाडीत डबा खात बसला होता. खडे मागितले तर मिळाले नाहीत. तुमच्या सात खड्यांचा हेवा वाटतोय.

आणि एक, पित्ताशय नसताना पचतं कसं असं सासूबाई अजून विचारतात. पित्त यकृत करतं, पिशवी फक्त साठवते. आता ते थेंब थेंब सरळ आतड्यात जातं. पहिले काही आठवडे मला तळलेलं खाल्लं की धावावं लागायचं, मग बसलं सगळं. दिवाळीला चकल्या खाल्ल्या.

शेवग्याची_शेंग | १३ जून, सकाळी ९:००

कॅशलेस विम्याबद्दल पण लिहा ना कोणी. डिस्चार्ज सकाळी सांगतात आणि दिवेलागणीला सोडतात.

निवांत_नाना | १३ जून, सकाळी ९:४५

विमा नियामकाने २०२४ मध्ये नियम केलाय: दाखल होताना मंजुरी एका तासात, डिस्चार्जच्या वेळची तीन तासांत. मला पाच तास लागले. तेवढ्यात मी वॉर्डातल्या सगळ्यांचे हर्निये माहीत करून घेतले. विमा नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे आधीच करावी, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. ऐन वेळी नाही.

अळूवडी | १४ जून, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. मावशीला सगळं वाचून दाखवलं. सुनंदा पाटलांवर खूप हसली. नानांच्या शिट्टीवर त्याहून जास्त. घरी आल्यावर कशाने घाबरायचं असंही विचारतेय.

क्लोरोफॉर्म | १५ जून, सकाळी ६:५५

ताप, थंडी, डोळे पिवळे, पोट दिवसागणिक कमी दुखायच्या ऐवजी जास्त दुखणं, उलट्या न थांबणं, जखमेतून पू. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, सर्जनला फोन. बाकी गॅस, मरगळ, टाक्याच्या जागी खाज, एक-दोन दिवस भूक नसणं, हे चालायचंच.

अळूवडी | १९ जून, रात्री ८:३०

झालं! काल सकाळी नऊला आत नेली, साडेअकराला वॉर्डात. मी सोबत होते.

कुड्या घरीच काढून आली होती. मंगळसूत्र स्वतःहून काकांच्या हातात दिलं आणि वर सिस्टरला ऐकवलं, "डॉक्टरपण अंगठी काढतात म्हणे." गोळ्यांची पाकिटं पिशवीभर नेली होती, त्यात काकांचीही होती, ती वेगळी करण्यात भूलतज्ज्ञांची पाच मिनिटं गेली. आत जाताना चौथ्यांदा नाव विचारलं तेव्हा मी दारातच होते. मावशी म्हणाली, "सांगते, पण आज दुसरी कोणी बेबी आहे का ते आधी बघा." तो पोरगा गोंधळून कागद चाळायला लागला.

शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "खांदा दुखतोय, बाम नको." खडे डबीत मिळाले. सर्जन म्हणाले तीसेक असतील. आज सकाळी तिने कागदावर पसरून स्वतः मोजले. चौतीस. पिशवी तपासणीला गेलीय, रिपोर्ट आठवड्याने.

ओटीसिस्टर, कवळीची डबी घरून नेली होती, झाकणाची, नाव लिहिलेली. काकांच्या हातात दिली. काकांनी ती अशी जपून ठेवली की संध्याकाळपर्यंत त्यांनाच सापडत नव्हती. जेवणात पेजच होती म्हणून निभावलं. आज दुपारी सापडली, थर्मासच्या पिशवीत, मंगळसूत्राच्या पुडीखाली.